संसदेपुढे न येणारी नावे

भारताच्या संविधानाने सर्वोच्च न्यायालयाविषयीचे अनेक निर्णय संसदेच्या हाती ठेवले आहेत. या न्यायालयात किती न्यायाधीश असावेत हे संसद कायद्याने ठरवते. १९५० मध्ये सरन्यायाधीशांसह ८ असलेली ही संख्या १९५६ पासून टप्प्याटप्प्याने वाढत २०१९ च्या दुरुस्तीने ३४ झाली, आणि त्यातील प्रत्येक वाढीसाठी सरकारला विधेयक घेऊन संसदेसमोर यावे लागले. न्यायाधीशांचे वेतन संसद ठरवते, न्यायालयाचे अधिकारक्षेत्र संसद वाढवू शकते, आणि न्यायाधीशाला मुदतीपूर्वी पदावरून दूर करण्याची एकमेव वाट दोन्ही सभागृहांमधून जाते. मात्र त्या ३४ खुर्च्यांवर कोणी बसावे हे ठरताना संसदेला काहीही विचारले जात नाही. नियुक्तीसाठी सुचवलेले नाव सभागृहाच्या पटलावर येत नाही, कोणत्याही संसदीय समितीपुढे जात नाही आणि त्यावर मतदानही होत नाही. राष्ट्रपतींच्या सहीचा आदेश निघाला की खासदारांना ते नाव इतर नागरिकांबरोबरच कळते.

या विषयावरील चर्चेत दोन शब्दांची सतत गल्लत होते, म्हणून ते आधी वेगळे करणे आवश्यक आहे. कार्यकारी मंडळ म्हणजे पंतप्रधान, मंत्रिमंडळ आणि त्यांच्या हाताखालची प्रशासकीय यंत्रणा, म्हणजेच रोजच्या भाषेतील ‘सरकार’. विधिमंडळ म्हणजे कायदे करणारी आणि सरकारला जाब विचारणारी सभा, आणि केंद्राच्या पातळीवर ती संसद होय. संसदीय पद्धतीत मंत्री हे खासदारांमधूनच निवडले जातात आणि बहुमत सरकारच्या बाजूचे असते, त्यामुळे सरकारने केले ते संसदेने केले असे मानण्याची सवय जडते. न्यायाधीशांच्या नियुक्तीवरून गेल्या अनेक दशकांत जो संघर्ष झाला त्याला वर्तमानपत्रांनी ‘संसद विरुद्ध न्यायपालिका’ असे नाव दिले असले, तरी बारकाईने पाहिल्यास तो बहुतांशी सरकार आणि न्यायपालिका यांच्यातील संघर्ष आहे. निवड करणारी सभा या अर्थाने संसद त्यात जवळजवळ कुठेच नव्हती.

या रचनेचे मूळ इंग्लंडच्या इतिहासात सापडते. सतराव्या शतकात स्ट्युअर्ट राजे आपल्या मर्जीविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना सरळ काढून टाकत असत. त्याला आळा घालण्यासाठी १७०१ च्या उत्तराधिकार कायद्याने असा नियम केला की, न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहतील आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी राजाला तशी विनंती केली तरच त्यांना दूर करता येईल. सभागृहाने राज्यप्रमुखाला सादर करावयाच्या अशा औपचारिक विनंतीला कायद्याच्या भाषेत ‘समावेदन’ म्हणतात. इंग्लंडच्या संसदेने तेव्हा राजाच्या हातून बडतर्फीचा अधिकार काढून घेतला, पण नेमणुकीचा अधिकार त्याच्याकडेच राहू दिला, आणि पुढे मंत्रिमंडळाची सत्ता वाढत गेली तसा तो ओघानेच मंत्र्यांकडे आला. दूर करताना संसद, नेमताना सरकार, ही विभागणी त्या घडामोडीची देणगी आहे. ब्रिटिश भारतात तर तीही नव्हती. १९३५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या संघ न्यायालयाचे न्यायाधीश राजा नेमत असे, आणि त्यांना दूर करण्याच्या प्रक्रियेतही येथील विधिमंडळाला स्थान नव्हते.

स्वतंत्र भारताचे संविधान लिहिले जात असताना ही विभागणी मोडण्याचा विचार झाला होता, आणि तो अगदी सुरुवातीलाच झाला होता. सर्वोच्च न्यायालयाची रचना सुचवण्यासाठी नेमलेल्या एका छोट्या तदर्थ समितीने २१ मे १९४७ रोजी आपला अहवाल दिला. एस. वरदाचारियार, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, बी. एल. मित्तर, कन्हैयालाल मुन्शी आणि बी. एन. राव हे तिचे सदस्य होते. राष्ट्रपतींच्या, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या, अनिर्बंध मर्जीवर या नियुक्त्या सोडू नयेत असे समितीने स्पष्टपणे सांगितले आणि त्यासाठी ११ जणांचे एक मंडळ सुचवले. या मंडळात उच्च न्यायालयांचे काही मुख्य न्यायाधीश, केंद्रीय विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे काही सदस्य आणि केंद्र सरकारचे काही विधी अधिकारी असावेत, अशी कल्पना होती. राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून नाव सुचवावे आणि ११ पैकी किमान ७ जणांनी त्यास मान्यता द्यावी, हा एक पर्याय होता; मंडळाने तीन नावे सुचवावीत आणि राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने त्यातून एक निवडावे, हा दुसरा. मंडळ प्रत्येक जागेसाठी नव्याने जमवलेले नसावे, ठराविक वर्षांसाठी नेमलेले असावे, म्हणजे ते स्वतंत्रही राहील आणि लोकांचा त्यावर विश्वासही बसेल, अशी पुस्तीही समितीने जोडली होती.

सात दशकांनंतरही हा प्रस्ताव वाचताना त्याची दूरदृष्टी जाणवते, कारण त्यात कोणत्याही एका संस्थेला निर्णायक बहुमत दिलेले नव्हते. खासदार होते, पण संपूर्ण सभागृह नव्हते. न्यायाधीश होते, पण ते आपल्याच सहकाऱ्यांची निवड एकट्याने करू शकत नव्हते. सरकारचे विधी अधिकारी होते, पण ७ मतांची अट असल्याने त्यांना इतरांना पटवून द्यावे लागले असते. तरीही हा प्रस्ताव पुढे टिकला नाही. जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय संविधान समितीने मंडळाऐवजी साध्या सल्लामसलतीची पद्धत पसंत केली, आणि राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी व आवश्यक वाटतील त्या इतर न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नियुक्ती करतील, हाच साचा पुढे मसुद्यात उतरला.

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत मसुद्याचा अनुच्छेद १०३, म्हणजे आजचा अनुच्छेद १२४, चर्चेला आला तेव्हा संसदेचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला, पण आता तो वेगळ्या रूपात होता. सरन्यायाधीशांच्या नियुक्तीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने मान्यता मिळावी, अशी दुरुस्ती शिब्बनलाल सक्सेना यांनी सुचवली होती. प्रा. के. टी. शाह यांना न्यायाधीशांच्या नियुक्तीपूर्वी राज्यसभेचा सल्ला घेतला जावा असे वाटत होते. तिसऱ्या बाजूला बी. पोकर साहेब यांच्यासारख्या सदस्यांचा आग्रह असा होता की, सरन्यायाधीशांशी केवळ विचारविनिमय पुरेसा नाही, त्यांची संमती अनिवार्य असावी. म्हणजे एकाच अनुच्छेदावर एक दुरुस्ती अधिकार संसदेकडे ओढत होती, तर दुसरी न्यायालयाकडे.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या सगळ्या सूचनांना एकत्रित उत्तर दिले, आणि ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. इंग्लंडमध्ये नियुक्त्या पूर्णपणे सरकारच्या हाती आहेत, अमेरिकेत त्यांना सिनेटची संमती लागते, आणि भारताच्या परिस्थितीत ही दोन्ही टोके टाळावीत, अशी त्यांची भूमिका होती. देशात जबाबदारीच्या जाणिवेची परंपरा अजून पुरेशी रुजलेली नसताना सरकारला मोकळे रान देणे त्यांना धोक्याचे वाटत होते. विधिमंडळाच्या संमतीची अट त्यांना किचकट तर वाटलीच, पण त्यापेक्षा मोठा आक्षेप असा होता की, तिच्यामुळे नियुक्त्यांवर राजकीय दबावाचा आणि राजकीय हिशेबांचा प्रभाव पडू शकेल. सरन्यायाधीशांना नकाराधिकार देण्यासही त्यांनी तितक्याच ठामपणे नकार दिला. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी ते सर्वसामान्यांसारखे गुणदोष आणि पूर्वग्रह असलेले मनुष्यच आहेत, आणि जो अधिकार राष्ट्रपतींना किंवा सरकारला देण्यास सभा तयार नाही तो त्यांना देणे योग्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभेने दुरुस्त्या फेटाळल्या आणि ‘सल्लामसलत’ हा शब्द कायम राहिला.

या उत्तराची ताकद मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. डॉ. आंबेडकरांनी नाकारले ते संपूर्ण सभागृहाचे मतदान. काही खासदार असलेल्या मिश्र मंडळाचा १९४७ चा प्रस्ताव त्या दिवशी कोणत्याही दुरुस्तीच्या रूपाने समोर नव्हता, त्यामुळे त्यावर हो किंवा नाही असा निर्णयच झाला नाही. तो फेटाळला गेला नव्हता, तो मागे राहून गेला होता.

मोठ्या सभागृहात न्यायाधीशाचा प्रश्न आला म्हणजे काय होते, याचा अनुभव देशाला नियुक्तीच्या बाबतीत आला नाही, पण पदावरून दूर करण्याच्या बाबतीत आला. अनुच्छेद १२४ (४) नुसार सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा असमर्थता या कारणांवरून न्यायाधीशाला दूर करता येते, आणि त्यासाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. या प्रक्रियेला सर्रास महाभियोग म्हटले जाते, मात्र संविधानात तो शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी वापरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव मे १९९३ मध्ये लोकसभेत मतास आला. त्यापूर्वी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने गैरवर्तन सिद्ध झाल्याचा निष्कर्ष दिलेला होता. मतदानात १९६ सदस्यांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला आणि विरोधात एकही मत पडले नाही, तरीही प्रस्ताव पडला, कारण सत्ताधारी पक्षाचे सदस्य तटस्थ राहिले आणि तटस्थांची संख्या २०५ झाली. न्यायालयीन स्वरूपाच्या चौकशीचा निष्कर्ष समोर असतानाही सभागृह पक्षाच्या रेषेवर दुभंगते, हे त्या दिवशी दिसले. नियुक्तीच्या वेळी तर असा कोणताही निष्कर्ष समोर नसतो, तिथे पक्षीय रेषा किती ठळक झाली असती याचा अंदाज यावरून करता येतो.

संसदेला बाहेर ठेवल्याने राजकारणही बाहेर राहिले असते, तर १९४९ चा निर्णय निर्विवाद यशस्वी ठरला असता. तसे घडले नाही. विधी आयोगाने १९५८ मध्ये दिलेल्या चौदाव्या अहवालातच राजकीय, प्रादेशिक आणि जातीय विचारांचा नियुक्त्यांवर परिणाम होत असल्याची कठोर नोंद केली. पुढे २४ एप्रिल १९७३ रोजी, संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येणार नाही, असा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी न्यायमूर्ती जे. एम. शेलट, के. एस. हेगडे आणि ए. एन. ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आल्याचे जाहीर झाले. तिघांनीही राजीनामे दिले. संसदेत यावर वादळी चर्चा झाली, पण ती आदेश निघाल्यानंतर. सरकारची वैचारिक बाजू लोकसभेत पोलाद व खाण मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी मांडली, आणि न्यायाधीशाचे तत्त्वज्ञान व दृष्टिकोन विचारात घेण्याचा सरकारला अधिकार आहे असे त्यांनी उघडपणे सांगितले. अशी भूमिका योग्य आहे की नाही हा वेगळा वाद आहे. येथे महत्त्वाचे हे की, ती भूमिका नियुक्तीच्या आधी कोणत्याही सभागृहापुढे मांडण्याची सक्ती सरकारवर नव्हती, आणि म्हणूनच तिच्यावर आधी प्रश्नही विचारता आले नाहीत. जानेवारी १९७७ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना डावलून एम. एच. बेग यांची नियुक्ती झाली, तेव्हा तर आणीबाणी चालू होती.

यानंतरची दोन दशके न्यायालयातच गेली. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, अंतिम शब्द सरकारचा, असे म्हटले. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने हे फिरवले आणि सरन्यायाधीशांनी दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांशी विचार करून दिलेले मत निर्णायक ठरवले; राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना १९९८ मध्ये ही संख्या सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश अशी पाचवर नेण्यात आली. या गटाला ‘न्यायवृंद’ किंवा कॉलेजियम म्हणतात. संविधानाच्या मजकुरात हा शब्द नाही. १९७३ चा अनुभव पाहता न्यायालयाने हे पाऊल का उचलले हे समजण्यासारखे आहे, परंतु संविधान सभेने ज्या संमतीला नकार दिला होता तीच व्याख्येच्या मार्गाने आत आली, हेही तितकेच खरे आहे.

न्यायवृंदाला पर्याय म्हणून संसदेने केलेला सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग. आयोगाची कल्पना नवी नव्हती. विधी आयोगाने १९८७ मध्ये ती मांडली होती, १९९० आणि २००३ मध्ये घटनादुरुस्ती विधेयके येऊन व्यपगत झाली होती, म्हणजे लोकसभा विसर्जित झाल्याने आपोआप रद्द झाली होती. अखेर ११ ऑगस्ट २०१४ रोजी लोकसभेत नवे विधेयक मांडले गेले, १३ ऑगस्टला तेथे ३६७ विरुद्ध ० मतांनी आणि १४ ऑगस्टला राज्यसभेत १७९ विरुद्ध ० मतांनी ते संमत झाले; राज्यसभेत एकच सदस्य, ज्येष्ठ वकील राम जेठमलानी, तटस्थ राहिले. राज्यांच्या विधिमंडळांची आवश्यक मान्यता मिळून ही ९९ वी घटनादुरुस्ती १३ एप्रिल २०१५ रोजी अमलात आली. इतक्या दूरगामी दुरुस्तीसाठी चार दिवस फारच अपुरे होते. आदल्या सरकारच्या २०१३ च्या अशाच प्रस्तावातील आयोगाविषयीचे विधेयक तरी स्थायी समितीकडे तपासणीसाठी गेले होते. २०१४ चे विधेयक त्या वाटेने गेले नाही, आणि एकमताच्या उत्साहात तपशिलातील दोष तसेच राहिले.

आयोगात सहा सदस्य असणार होते: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठतम न्यायाधीश, केंद्रीय विधिमंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. या मान्यवरांची निवड पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता, किंवा तसे मान्यताप्राप्त पद रिकामे असल्यास सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता, यांची समिती करणार होती. कोणत्याही दोन सदस्यांनी विरोध केल्यास नाव पुढे जाणार नव्हते. या रचनेत विधिमंत्री बसतात ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून. विरोधी पक्षनेत्याला न्यायाधीश निवडण्यात प्रत्यक्ष भाग नाही, निवडणाऱ्यांपैकी दोघांना निवडण्यात तिघांतला एक आवाज आहे. बाकी खासदारांचा, समित्यांचा, सभागृहाचा कुठेच उल्लेख नाही. उमेदवाराची मुलाखत जाहीर होण्याची तरतूद नाही, नाव नाकारल्याचे कारण संसदेला कळवण्याची तरतूद नाही. संसदेने एकमुखाने केलेल्या या आयोगात संसदेला स्वतःसाठी मात्र जागा मागावीशी वाटली नाही, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ बहुमताने घटनादुरुस्ती रद्द केली. न्यायपालिकेचे स्वातंत्र्य हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असून विधिमंत्री व मान्यवर व्यक्ती यांच्या समावेशाने आणि त्यांच्या नकाराधिकाराने त्याला बाधा येते, असा बहुमताचा मुख्य मुद्दा होता. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांनी वेगळे मत देऊन न्यायवृंदाच्या गुप्ततेवर कठोर टीका केली, आणि बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनीही त्या पद्धतीत सुधारणेची गरज मान्य केली.

संसदेचा सहभाग म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकेचे सिनेट येते. तेथे राष्ट्राध्यक्षाने सुचवलेल्या न्यायाधीशाला सिनेटची मान्यता लागते, आणि १९८६ मध्ये अँटनिन स्कॅलिया यांना ९८ विरुद्ध ० मतांनी मान्यता देणारे हे सभागृह २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट यांच्या वेळी ५२ विरुद्ध ४८ असे जवळपास पूर्णपणे पक्षांप्रमाणे विभागले गेले. १९४९ मध्ये व्यक्त झालेली भीती तेथे खरी ठरलेली दिसते. परंतु तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयातील १६ न्यायाधीशांपैकी निम्मे बुंडेस्टाग हे कनिष्ठ सभागृह आणि निम्मे राज्यांचे सभागृह बुंडेसराट निवडते. दोन तृतीयांश मते लागत असल्याने कोणत्याही एका पक्षाला आपला माणूस रेटता येत नाही, पक्षांना आपसात समझोता करावा लागतो, आणि न्यायाधीशाची मुदत १२ वर्षांची व एकदाच मिळणारी असल्याने पुन्हा निवडून येण्यासाठी कोणाला खूश ठेवण्याचे कारण उरत नाही. जुलै २०२५ मध्ये अशाच एका निवडीवरून बुंडेस्टागमध्ये पेच निर्माण झाला आणि मतदान पुढे ढकलावे लागले, म्हणजे ही पद्धतही राजकारणापासून मुक्त नाही.

शेजारी देशांचे अनुभव भारताला अधिक जवळचे आहेत. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने संसदेच्या दोन्ही सभागृहांतील १५ सदस्यांची सुनावणी समिती ठेवली आहे, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये या समितीने सरन्यायाधीशपदासाठी आलेले नाव चक्क नाकारले. पाकिस्तानात २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने न्यायिक आयोगाच्या शिफारशी तपासण्यासाठी आठ खासदारांची समिती नेमली, त्यात चार सत्ताधारी आणि चार विरोधी बाकांवरील होते. पण तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी या समितीच्या निर्णयांची न्यायालयीन तपासणी होऊ शकते असे सांगून तिचे दात काढून घेतले. ऑक्टोबर २०२४ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने उलट टोक गाठले. तीन ज्येष्ठतम न्यायाधीशांमधून सरन्यायाधीश निवडण्याचा अधिकार १२ सदस्यांच्या संसदीय समितीला मिळाला, आणि तिने पहिल्याच निवडीत दोन ज्येष्ठ न्यायाधीशांना मागे ठेवून तिसऱ्याचे नाव दिले. १९७३ मध्ये दिल्लीत मंत्रिमंडळाने जे केले तेच इस्लामाबादेत संसदीय समितीच्या मुखाने झाले. समितीवर खासदार बसले म्हणजे सहभाग संसदेचा झाला असे होत नाही. विरोधी पक्ष त्या बैठकीत किती परिणामकारक आहे आणि चर्चा किती उघड आहे, यावर ते ठरते.

या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण सर्वांत बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात १९४७ च्या भारतीय तदर्थ समितीच्या मंडळाची छाया दिसते. तेथील १९९६ च्या संविधानाने नेमलेल्या न्यायिक सेवा आयोगात एरवी २३ सदस्य असतात आणि त्यापैकी १० संसदेचे असतात: सहा कनिष्ठ सभागृहाचे, ज्यांपैकी किमान तीन विरोधी पक्षांचे असलेच पाहिजेत, आणि चार प्रांतांच्या सभागृहाचे. बाकीच्या जागांवर न्यायाधीश, वकिलांचे प्रतिनिधी, विधीचा अध्यापक, मंत्री आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले सदस्य असतात. घटना न्यायालयासाठी हा आयोग रिक्त जागांपेक्षा तीन अधिक नावांची यादी देतो आणि राष्ट्राध्यक्ष त्यातून निवड करतो. मुलाखती जाहीरपणे होतात. त्यांत खासदारांनी उमेदवाराला पक्षीय हेतूने छेडल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, पण कोणी काय विचारले आणि उमेदवाराने काय उत्तर दिले हे नागरिकाला ऐकता येते. ब्रिटनने मात्र वेगळा विचार केला. २००५ च्या कायद्याने तेथे स्वतंत्र नियुक्ती आयोग आला, आणि खासदारांनी उमेदवारांची सुनावणी घ्यावी काय, हा प्रश्न तपासून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या संविधानविषयक समितीने मार्च २०१२ मध्ये त्याला स्पष्ट नकार दिला.

भारतीय संसदेला नाव ठरवण्याचा अधिकार नसला तरी विचारण्याचा अधिकार आहे, आणि तोच तिने आजवर सर्वांत कमी जोमाने वापरला आहे. अनुच्छेद १२१ न्यायाधीशाच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर संसदेत चर्चा करण्यास, पदच्युतीच्या प्रस्तावाखेरीज, मनाई करतो. ही मनाई योग्यच आहे. पण ती पदावरील न्यायाधीशाच्या वर्तनापुरती आहे, नियुक्तीच्या प्रक्रियेत सरकार काय करते याबद्दल नाही. उच्च न्यायालयाचा प्रस्ताव मुख्यमंत्री व राज्यपाल, केंद्रीय विधी मंत्रालय, गुप्तवार्ता विभाग, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद, पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान आणि राष्ट्रपती असा प्रवास करतो. राज्यपालांसाठी सहा आठवड्यांची मुदत नियुक्त्यांची कार्यपद्धती सांगणाऱ्या प्रक्रियापत्रकात आहे; केंद्रासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२१ मध्ये आदेश देऊन आठवड्यांचे वेळापत्रक आखून द्यावे लागले. महाराष्ट्र आणि गोवा यांना सामावणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर संख्या ९४ आहे. तेथील एखादी जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते तेव्हा प्रस्ताव कोणाच्या टेबलावर थांबला, हे विचारण्यात न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याला कसलाही धक्का लागत नाही, कारण उत्तर द्यायचे असते ते सभागृहाला जबाबदार असलेल्या मंत्र्याने.

असे विचारल्याने काय साधते याची एक झलक कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी व न्याय या विषयांच्या संसदीय स्थायी समितीने दाखवली. या समितीत दोन्ही सभागृहांचे आणि सर्व प्रमुख पक्षांचे सदस्य असतात, तिच्या बैठका बंद दाराआड होतात आणि त्यामुळे पक्षीय अभिनिवेश बराच सैल होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेल्या १३३ व्या अहवालासाठी समितीने न्याय विभागाला न्यायाधीशांच्या सामाजिक पार्श्वभूमीबद्दल विचारले, तेव्हा २०१८ पासून उच्च न्यायालयांवर नेमल्या गेलेल्या न्यायाधीशांपैकी सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातील असल्याची आकडेवारी पुढे आली. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे मिळून प्रमाण ५ टक्क्यांच्याही आत होते. न्यायवृंदाने ही संख्या जाहीर केली नव्हती आणि सरकारनेही आपणहून तिचा गाजावाजा केला नव्हता. कोणत्याही एका उमेदवाराचे नाव न घेता, कोणाच्याही निकालावर बोट न ठेवता, एका समितीच्या प्रश्नाने तीन दशकांच्या वादाला मोजता येईल असा आधार दिला.

त्यानंतर खासदारांनी सभागृहांत याच विषयावर प्रश्न विचारले आहेत, आणि मंत्र्यांचे उत्तर ठराविक असते: अनुच्छेद १२४, २१७ आणि २२४ यांत आरक्षणाची तरतूद नाही, तथापि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि महिला यांतील योग्य उमेदवारांचा विचार करावा अशी विनंती सरकार मुख्य न्यायाधीशांना करत आले आहे. या विनंतीनंतर कोणत्या उच्च न्यायालयातून अशी किती नावे निघाली, त्यांपैकी किती दिल्लीपर्यंत पोहोचली आणि उरलेली कोणत्या टप्प्यावर थांबली, हा पुढचा प्रश्न विचारण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाची सूचना आणि मंत्र्याच्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारण्याची तयारी एवढे त्याला पुरेसे आहे.